हृदयापर्यंत पोहोचलेली नळी

वाचकहो, नळाला किती पाणी येते हे पाहायचे तर आपण खाली बादली लावतो. पण जिवंत माणसाचे हृदय मिनिटाला किती रक्त पुढे ढकलते, हे कसे मोजावे? तेथे बादली लावता येत नाही.

१८७० साली जर्मन शास्त्रज्ञ अ‍ॅडॉल्फ फिक यांनी याचे गणित मांडले. शरीराने मिनिटाला किती प्राणवायू घेतला आणि फुफ्फुसात जाणाऱ्या व तेथून परतणाऱ्या रक्तातील प्राणवायूत किती फरक पडला, हे कळले की रक्ताचे प्रमाण निघते. रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुफ्फुसात व तेथून डाव्या बाजूस जाते, हे तर इब्न अन-नफीस यांनी तेराव्या शतकातच लिहून ठेवले होते. अडचण होती ती उजव्या बाजूचे रक्त मिळवण्याची.

१९२९ साली बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे येथील तरुण डॉक्टर वेर्नर फोर्समान यांनी स्वतःच्याच हाताच्या शिरेतून ६५ सेंटिमीटर नळी आत सरकवली आणि चालत जाऊन क्ष-किरण छायाचित्र घेतले. नळीचे टोक हृदयात होते! पुढे न्यूयॉर्कच्या बेलेव्ह्यू रुग्णालयात कूर्नां व रिचर्ड्स यांनी अशा नळीने फिक यांचे गणित रुग्णांवर प्रत्यक्षात आणले. १९५६ साली फोर्समान, कूर्नां व रिचर्ड्स या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

तरीही ही नळी क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत पुढे न्यावी लागे. अत्यवस्थ रुग्णाच्या खाटेशी ते कठीणच. लॉस एंजेलिसचे डॉ. जेरेमी स्वॉन यांना शिडाच्या होड्या पाहून युक्ती सुचली. १९७० साली जगापुढे आलेल्या त्यांच्या नळीच्या टोकाशी चिमुकला फुगा होता. त्यात सुमारे दीड मिलिलिटर हवा भरली की रक्ताचा प्रवाहच तिला फुफ्फुसाच्या रोहिणीत वाहून नेतो. त्यांचे सहकारी विल्यम गँझ यांनी टोकाजवळ सूक्ष्म तापमापकाची योजना केली. हृदयाच्या उजव्या कप्प्यात थंड द्रव सोडायचा; रक्त जोरात वाहत असेल तर गारवा चटकन ओसरतो, मंद असेल तर रेंगाळतो. त्यावरून मिनिटाचा हिशेब मिळतो.

मात्र २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या पाहणीत, या नळीमुळे अतिदक्षता विभागातील अधिक रुग्ण वाचतात असे आढळले नाही. आता ती निवडक रुग्णांसाठीच वापरतात. मोजमाप म्हणजे उपचार नव्हे; मिळालेल्या आकड्याचा अर्थ लावणारा जाणकार वैद्यही हवाच.

विद्यार्थी मित्रहो, फिक यांच्या गणिताला नळीची वाट पाहावी लागली आणि नळीला शिडाच्या कल्पनेची. म्हणून पाठ्यपुस्तकाबरोबर डोळेही उघडे ठेवा.