गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर

जळगांव-धुळें बाजूच्या माणसास खेळ म्हटला कीं गांवच्या जत्रेंतील कुस्त्यांची दंगल आठवते. काळ्या मातीच्या या मुलखांत कुस्ती, हुतूतू व खोखो यांनीं पिढ्यान्‌पिढ्या मान मिळविला. फुटबॉल मात्र बहुधा शाळेच्या मैदानापुरताच राहिला. कुस्तींत चीत कोण व विजयी कोण, हें आखाड्याच्या कडेला बसलेल्या पोरासही कळतें. फुटबॉलमधील एका गड्याचें काम मात्र असें विलक्षण आहे कीं, तें उत्तम झालें तर फळ्यावर शून्याखेरीज कांहींच उमटत नाहीं.

हा गडी म्हणजे गोलरक्षक. इंग्लंडांत १८६३ सालीं या खेळाचे नियम प्रथम बांधले गेले, तेव्हां त्यांत त्याचें नांवही नव्हतें. तें १८७१ सालीं आलें. पुढें कित्येक वर्षें मैदानाच्या आपल्या निम्म्या भागांत त्यास चेंडू हातानें अडवितां येई. १९१२ सालीं ही सवलत गोलापुढील पेनल्टीच्या चौकटीपुरती उरली. चोवीस फूट रुंद व आठ फूट उंच अशा दाराचा हा एकटा राखणदार. आघाडीचा खेळाडू दहा संधी दवडून एक साधतो आणि नायक ठरतो. राखणदार दहा चेंडू अडवितो, अकरावा निसटतो, आणि लोकांच्या ध्यानांत तो अकरावाच राहतो.

स्पेन देशानें या अन्यायावर एक उपाय काढला. बार्सिलोना येथें १९०१ सालीं जन्मलेला रिकार्दो झामोरा हा त्या देशाचा थोर गोलरक्षक. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्यें रौप्यपदक मिळविणाऱ्या संघांत तो होता. २१ जून १९३६ रोजीं व्हॅलेन्सिया येथें स्पेनच्या चषकाचा अंतिम सामना झाला. रेआल माद्रिद बार्सिलोनावर दोनास एक गोलांनीं पुढें असतां, अखेरच्या क्षणीं अगदीं जवळून चेंडू सुटला व गोलापाशीं धुळीचा लोट उठला. तो विरला तेव्हां झामोरा चेंडू हातीं घेऊन उभा होता. पुढच्याच महिन्यांत त्या देशांत यादवी युद्ध पेटलें. परंतु ती धूळ लोक विसरले नाहींत. कालांतरानें ‘मार्का’ या क्रीडापत्रानें झामोराच्या नांवें पारितोषिक ठेविलें. हंगामांत दर सामन्यास सरासरीनें सर्वांत कमी गोल होऊं देणाऱ्या रक्षकास तें मिळतें. न झालेल्या गोलांची जमाखर्चाची वहीच ती!

आपल्याकडे अशी वही ज्यांच्यासाठीं उघडावयास हवी होती, ते ब्रह्मानंद शंखवाळकर. त्यांचा जन्म १९५४ सालीं गोव्यांतील ताळगांवचा. त्या वेळीं तेथें पोर्तुगीजांचें राज्य होतें. फुटबॉल मात्र गोव्यांत पोर्तुगीजांनीं नव्हे, तर १८८३ सालीं शिवोलीस आलेल्या विल्यम लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूंनीं आणला, असें मानतात. १९६१ सालीं गोवा मुक्त झाला. खाणींच्या व्यवसायांतील घराण्यांनीं क्लबांस आश्रय दिला. त्यांपैकीं वास्को येथील साळगांवकर क्लब १९५६ सालीं निघाला होता. १९७४ पासून सुमारें सतरा वर्षें ब्रह्मानंद या एकाच क्लबाच्या दारांत उभे राहिले.

राज्याच्या संघासाठीं त्यांनीं केलेली कामगिरी विशेष स्मरणीय आहे. १९४१ सालीं सुरू झालेली संतोष ट्रॉफी म्हणजे प्रांतोप्रांतींच्या बलाबलाची कसोटी, आणि बंगाल हा तेथला मातबर. १९८३ सालीं खुद्द कलकत्त्यांत गोवा व बंगाल यांचा अंतिम सामना गोलशून्य राहिला; फिरून खेळविला तोही तसाच, व दोन्ही संघांस मिळून विजेतेपद द्यावें लागलें. पुढच्या वर्षीं मद्रासेस ब्रह्मानंदांच्या नेतृत्वाखालीं गोव्यानें पंजाबवर एका गोलानें मात केली. तीन अंतिम झुंजी झाल्या, आणि गोव्याच्या जाळ्यांत एकदांही चेंडू गेला नाहीं. त्याच सुमारास, १९८३ पासून १९८६ पर्यंत, भारतीय संघाची धुराही त्यांच्याकडे होती. ते क्लबांत असतां साळगांवकरनें १९८८ व १९८९ अशीं लागोपाठ दोन वर्षें फेडरेशन कप जिंकला.

एवढें होऊनही काळ त्यांस अनुकूल नव्हता. ते १९९५ च्या सुमारास निवृत्त झाले, आणि देशांतील क्लबांची राष्ट्रीय लीग सुरू झाली ती १९९६ सालीं. ज्या धंदेवाईक खेळामुळें झामोरास १९३० सालींच माद्रिदनें विक्रमी रक्कम मोजून नेलें, तो खेळ आपल्याकडे अंगीं लागण्यापूर्वींच ब्रह्मानंदांची उमेद खर्चीं पडली होती. अर्जुन पुरस्कार १९९७ सालीं मिळाला, म्हणजे हातमोजे उतरविल्यानंतर. पद्मश्री २०२२ सालीं, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं.

या विलंबाचा दोष कोणा एकाच्या माथीं मारणें सोपें आहे. पण त्याचें मूळ आपल्या नोंदी ठेवण्याच्या रीतींत आहे. सामन्याच्या वृत्तांतांत गोल कोणीं केला, कितव्या मिनिटास केला, हें आवर्जून छापतात. कोणीं काय वांचविलें, हें क्वचितच. जें घडलें त्याचा इतिहास होतो. जें घडूं दिलें नाहीं त्याची आठवणही राहत नाहीं. खानदेशच्या कुणब्यास हें नवें नाहीं. ज्वारी निसवल्यावर माळ्यावर जागून रात्री काढणारा राखणदार सर्वांच्या ओळखीचा असतो. पण खळ्यावर रास पडली म्हणजे तिचीं मापें मोजलीं जातात, त्या रात्री कोणी मोजीत नाहीं. संतोष ट्रॉफीच्या त्या तीन सामन्यांपुढील शून्यें अशाच जागरणाचीं आहेत, हें जाणूनच तीं वाचावयास हवींत.