निरामय : नझरुलांच्या घरासाठी जमलेला पैसा

पगाराच्या आठवड्यात आमच्या स्टाफरूममध्ये अधूनमधून एक पाकीट फिरते. वर कुणाचे तरी नाव, आत रकाने आखलेला एक कागद. त्यावर आपले नाव, रक्कम आणि सही. कुणाच्या मुलीचे ऑपरेशन, कुणाच्या वडिलांचे डायलिसिस. आधीच्या मंडळींनी किती लिहिले आहे ते पाहूनच आपण आपला आकडा ठरवतो, हे कबूल करायला हरकत नसावी. पाकीट एकदा फिरते, क्वचित दोनदा. आजार मात्र त्यानंतरही चालूच असतो, आणि त्याची चौकशी करायला आपण थोडे बिचकतो. कारण उत्तर आले तर पुन्हा पाकीट फिरवावे लागेल. ‘भारतीय साहित्य’ या अभ्यासपत्रिकेत काझी नझरुल इस्लाम शिकवताना हे पाकीट मला दर वेळी आठवते. विद्यार्थ्यांना ‘विद्रोही’चा कवी माहीत असतो. पण १९४२ नंतर त्याच्या घराचे काय झाले, हा प्रश्न पाठ्यपुस्तकात एका वाक्यात संपतो : ‘पुढे कवी असाध्य आजाराने ग्रस्त झाला.’ त्या एका वाक्यात चौतीस वर्षे आहेत.

प्रचलित हकिकत अशी सांगितली जाते की बंगाल आपल्या कवीला विसरला, दहा वर्षे त्याच्याकडे कुणी पाहिले नाही आणि मग उशिरा जागे होऊन त्याला विलायतेला पाठवले. ही हकिकत भावनेला पटणारी आहे. पण ती तपशिलाशी पुरती जुळत नाही. मदत झाली होती, आणि तीही अगदी सुरुवातीपासून. प्रश्न ती कुणासाठी झाली आणि किती काळ टिकली, हा आहे.

घरावरचे संकट कवीपासून सुरूच झाले नव्हते. १९३९ साली नझरुलांच्या पत्नी प्रमीलादेवी यांना पक्षाघात झाला आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. ज्या माणसाने १९३१च्या सुमारास स्वतःची मोटार घेतली होती, ज्याची गाणी ग्रामोफोन कंपनीसाठी हुकमी नाणे होती, त्या माणसाने पत्नीच्या उपचारांसाठी रेकॉर्डांचे मानधन आणि पुस्तकांचे हक्क कलकत्त्यातील एका वकिलाकडे चार हजार रुपयांना गहाण टाकले. अॅलोपॅथीपासून तांत्रिक उपायांपर्यंत सर्व काही करून झाले, गुण आला नाही. एका अर्थाने घरातला पहिला उपचारनिधी कवीने स्वतःच उभा केला होता, आणि तो पुढच्या सगळ्या कमाईच्या बदल्यात. त्यामुळे जुलै १९४२मध्ये कवीची वाचा जाऊ लागली तेव्हा घरात उत्पन्नाचा एकही स्रोत मोकळा उरला नव्हता. अंथरुणाला खिळलेली पत्नी, शाळकरी वयाची दोन मुले, आणि सगळे घर ओढणाऱ्या सासूबाई गिरिबालादेवी. कवी तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते.

आजाराची पहिली लक्षणे दिसली तेव्हा, १० जुलैला, नझरुलांनी कवी जुल्फिकार हैदर यांना चिठ्ठी पाठवून बोलावून घेतले. सुरुवातीचे उपचार होमिओपॅथीचे. मग १९ जुलैला हवापालटासाठी मधुपूरला रवानगी झाली. त्याचा खर्च श्यामाप्रसाद मुखर्जी यांनी उचलला. हिंदू महासभेचे हे पुढारी तेव्हा फझलुल हक यांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री होते, आणि हक यांच्याच ‘नवयुग’ या दैनिकाचे संपादन नझरुल करत असत. सप्टेंबरमध्ये मंडळी कलकत्त्याला परतली. सुधारणा नव्हती. ऑक्टोबरमध्ये कवींना लुंबिनी पार्क मनोरुग्णालयात गिरींद्रशेखर बोस यांच्या देखरेखीखाली ठेवले. फ्रॉइडशी पत्रव्यवहार असलेले, भारतीय मनोविश्लेषण मंडळाचे संस्थापक ते हेच बोस. चार महिने तिथे काढून कवी घरी आले.

यानंतर जी साहाय्य समिती स्थापन झाली तिची नामावली साहित्याच्या विद्यार्थ्याने जरूर पाहावी. अध्यक्ष श्यामाप्रसाद. संयुक्त चिटणीस दोन : एक जुल्फिकार हैदर आणि दुसरे सजनीकांत दास. सजनीकांत म्हणजे ‘शनिवारेर चिठी’चे कर्तेधर्ते. ‘विद्रोही’चे विडंबन करून नझरुलांना त्यांनी वर्षानुवर्षे घायाळ केले होते. सदस्यांत ताराशंकर बंद्योपाध्याय होते, कम्युनिस्ट विचारांचे गोपाल हालदार होते, वृत्तपत्रांचे संपादक होते, मुस्लिम राजकारणातली मंडळीही होती. त्या काळच्या बंगालमध्ये ही माणसे एका सतरंजीवर बसवणे जवळजवळ अशक्य होते. एका आजारी माणसाने ते करून दाखवले. मला या यादीत सजनीकांतांचे नाव सर्वांत मोलाचे वाटते. साहित्यातले वैर खरे असूनही ते दाराबाहेर काढून ठेवता येते, याचा एवढा ढळढळीत दाखला दुसरा चटकन आठवत नाही.

आणि या समितीने काय केले? दरमहा दोनशे रुपये दिले. पाच महिने. मग मदत थांबली.

समितीला दोष देणे सोपे आहे. १९४३ म्हणजे बंगालच्या भीषण दुष्काळाचे वर्ष. कलकत्त्याच्या रस्त्यांवर माणसे मरत होती, तिथे एका घराची वर्गणी मागे पडली तर नवल नाही. पुढे १९४६च्या दंगली, मग फाळणी. पण दुष्काळ नसता तरी फारसा फरक पडला असता असे मला वाटत नाही. वर्गणीचा स्वभावच घटनेशी बांधलेला असतो. पूर आला, आग लागली, ऑपरेशन ठरले, की माणसे धावतात. जे रोज थोडे थोडे चालू राहते, ज्यात बातमी नाही, त्याला समिती पुरी पडत नाही. १९४५ साली कलकत्ता विद्यापीठाने नझरुलांना जगत्तारिणी सुवर्णपदक दिले. स्मृती गेलेल्या कवीच्या हाती सोने. १९४६ साली गिरिबालादेवी घरातून निघून गेल्या आणि परतल्या नाहीत. पदकाची नोंद चरित्रांतून ठसठशीत असते. ज्या बाईने ते घर वर्षानुवर्षे चालवले तिच्या जाण्याची नोंद एका ओळीची.

दुसरा प्रयत्न १९५२चा. जूनमध्ये ‘नझरुल निरामय समिती’ स्थापन झाली. चिटणीस होते काझी अब्दुल ओदुद, ढाक्याच्या बुद्धिमुक्ती चळवळीतले विचारवंत, जे फाळणीनंतरही कलकत्त्यातच राहिले. नावाबद्दल एक अवांतर : मराठीत ‘निरामय’ हे विशेषण, रोग नसलेला. बंगालीत ते नाम होते आणि त्याचा अर्थ रोग बरा करणे असा होतो. मराठी शब्दात एक स्थिती आहे, बंगाली शब्दात एक आश्वासन. समितीने आश्वासनच दिले होते.

जुलैमध्ये पतिपत्नी दोघांना रांचीच्या मनोरुग्णालयात पाठवले गेले. चार महिने झाले, फरक नाही. तेव्हा विलायतेचा बेत ठरला आणि १० मे १९५३ रोजी हावडा स्थानकावरून दोघांचा प्रवास सुरू झाला. लंडनमध्ये रसेल ब्रेन, विल्यम सार्जंट आणि मॅकिसक असे नामांकित तज्ज्ञ बसले, आणि त्यांच्यात एकमत झाले नाही. मेंदूच्या पुढच्या भागाचा संकोच झाला आहे, हे तपासणीत दिसले. मॅकिसक शस्त्रक्रियेच्या बाजूचे, ब्रेन विरोधात. एका गोष्टीवर मात्र ते सहमत होते : सुरुवातीचे उपचार अपुरे आणि अर्धवट होते. अहवाल युरोपातल्या इतर तज्ज्ञांकडे धाडले गेले. बॉनच्या शल्यविशारदानेही शस्त्रक्रियेला नकार दिला. अखेर व्हिएन्नात हान्स हॉफ यांनी ९ डिसेंबर १९५३ रोजी मेंदूच्या रक्तवाहिन्यांची तपासणी करून निदान केले : पिक्स डिसीज. मेंदू हळूहळू झिजवणारा विकार. उपचारांची वेळ टळून गेलेली. लंडनच्या तज्ज्ञांनी प्रत्येक भेटीचे २५० पौंड मागितले, युरोपातल्यांनी काहीच घेतले नाही, अशी नोंद आहे. लोकवर्गणीतला किती मोठा वाटा त्या भेटींत गेला असेल!

डिसेंबरच्या मध्यावर मंडळी परत आली. इथे प्रचलित हकिकत अडते. हॉफ यांचे निदान बरोबर असेल (त्यावर पुढेही वाद झाले आहेत), तर १९४२ साली कितीही पैसा जमला असता तरी कवी बरे होणार नव्हते. त्या विकारावर आजही खात्रीचा इलाज नाही. म्हणजे ‘मदत उशिरा झाली’ या हळहळीला कवीच्या बाबतीत फारसा आधार उरत नाही. तो उरतो घराच्या बाबतीत. वेळेवर आणि सातत्याने मिळालेल्या पैशाने कवीची वाचा परतली नसती. पण गहाण पडलेले हक्क सोडवता आले असते, एक सेविका ठेवता आली असती, गिरिबालादेवींच्या खांद्यावरचा भार हलका झाला असता. या गोष्टींसाठी समिती कुणी काढत नाही, कारण त्यांना ‘निरामय’ म्हणता येत नाही. दोन्ही समित्यांच्या नावात नझरुल होते. प्रमीलादेवींचा आजार कवीच्या आजाराहून तीन वर्षे जुना, आणि त्या रांचीला, लंडनला गेल्या त्या कवीच्या सोबतीने.

विद्यार्थ्यांपैकी एकीने मला वर्गात विचारले होते की मग या काळात कवीला भरवत कोण असे. प्रश्न साधा होता. माझ्या टिपणांत त्याचे उत्तर नव्हते, नंतर शोधावे लागले. उत्तर असे की अंथरुणावर पडल्या पडल्या प्रमीलादेवीच त्यांना आपल्या हाताने भरवत असत. सरकारी मासिक मानधन सुरू झाल्यानंतरही हे असेच चालले. ३० जून १९६२ रोजी त्या गेल्या, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दफन नझरुलांच्या जन्मगावी, चुरुलियाला झाले. कवी आणखी चौदा वर्षे जगले. १९७२ साली त्यांना ढाक्याला नेण्यात आले आणि २९ ऑगस्ट १९७६ रोजी तिथेच त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर ढाका विद्यापीठाच्या मशिदीजवळ आहे, चुरुलियाला नाही.