पक्षिवलयांकन

वन्य पक्षी जिवंत पकडून त्याच्या पायात क्रमांक व पत्ता कोरलेले हलक्या धातूचे कडे घालणे आणि त्यास पुन्हा मोकळे सोडणे, यास पक्षिवलयांकन म्हणतात. डेन्मार्कमधील शिक्षक एच्. सी. सी. मॉर्टेन्सन यांनी १८९९ मध्ये अ‍ॅल्युमिनियमची कडी वापरून या पद्धतीचा पाया घातला. त्यांची आधीची जस्ताची कडी पक्ष्यांस जड होत. भारतात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ मध्ये हे काम आरंभिले. परंतु ते दीर्घकाळ मंदगतीनेच चालले.

त्यास निकड आली ती एका रोगामुळे. १९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली व आसपासच्या गावकऱ्यांस प्राणघातक ज्वर येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रास आढळलेला विषाणू रशियातील गोचीडजन्य मस्तिष्कशोथाच्या विषाणूशी नाते सांगणारा निघाला. तेव्हा तो हिवाळी पाहुण्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींबरोबर उत्तरेकडून आला असावा, असा तर्क पुढे आला. तो पडताळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने व सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली १९५९ पासून मोठ्या प्रमाणावर वलयांकन झाले. पकडलेल्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडीही गोळा केल्या जात. पुढे अमेरिकी सैन्याच्या निधीवरून संशय उठला व संसदेच्या लोकलेखा समितीने या कामाची छाननी केली. त्या वादात विज्ञानापेक्षा पैशाचीच चर्चा अधिक झाली. पक्ष्यांवरील आरोप मात्र सिद्ध झाला नाही. जंगलातील हीमॅफायसॅलिस स्पिनिजेरा ही गोचीडच रोगाची मुख्य वाहक ठरली. २०१६ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्यातही या रोगाची साथ उद्‌भवली.