एंडोथेलिन : रक्तवाहिन्या आवळणारं रसायन आणि त्यावरच्या गोळ्या

रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकच पातळ थर असतो, तो म्हणजे एंडोथेलियम. बराच काळ हे नुसतं अस्तर समजलं जायचं. १९८८ मध्ये जपानच्या त्सुकुबा विद्यापीठात मासाशी यानागिसावा, तोमो मासाकी आणि सहकाऱ्यांनी डुकराच्या महाधमनीतल्या याच पेशींपासून २१ अमिनो आम्लांचं एक रसायन वेगळं केलं. तेच एंडोथेलिन. रक्तवाहिन्या आवळण्यात त्याच्या तोडीचं शरीरात फारसं काही नाही, आणि त्याचा परिणाम बराच वेळ टिकतो. गंमत म्हणजे इस्रायलकडच्या एका बिळात राहणाऱ्या सापाच्या विषातले घटक रचनेने त्याच्याशी खूपच जुळतात.

एंडोथेलिन दोन प्रकारच्या ग्राहींवर काम करतं. 'ए' ग्राही रक्तवाहिनी आवळतात, तिची भिंत जाड करतात. 'बी' ग्राहींचं काम मुख्यतः उलटं: ते नायट्रिक ऑक्साइड सोडायला लावून वाहिनी सैल करतात, रक्तातलं जादा एंडोथेलिन काढून टाकतात आणि किडनीतून मीठ-पाणी बाहेर पडायला मदत करतात. हा शेवटचा मुद्दा पुढे महाग पडला.

औषधाचा पहिला खरा उपयोग झाला तो फुप्फुसांच्या धमन्यांतला दाब वाढण्याच्या आजारात. (दंडाला पट्टा बांधून मोजतात तो बीपी वेगळा, त्यात हा आजार कळत नाही.) चालताना धाप लागते, हृदयाची उजवी बाजू थकत जाते. एंडोथेलिनला अडवणारी बोसेन्टान ही गोळी अमेरिकेत २००१ मध्ये या आजारासाठी मंजूर झाली. नंतर अँब्रिसेन्टान, मॅसिटेन्टान आल्या.

मग साहजिकच हार्ट फेल्युअरकडे लक्ष गेलं. या रुग्णांच्या रक्तात एंडोथेलिन वाढलेलं असतं, म्हणजे ते अडवलं की बरं वाटणार, असा सरळ हिशेब होता. तो चुकला. चाचण्यांत फायदा दिसला नाही, उलट अंगात पाणी साठू लागलं. आधीच दमलेल्या हृदयाला ते झेपणारं नव्हतं.

किडनीतही तेच घडलं. एंडोथेलिनमुळे किडनीची गाळणी खराब होते आणि लघवीतून प्रथिनं जातात. मधुमेही रुग्णांमध्ये अव्होसेन्टानने ही गळती कमी झाली, पण हार्ट फेल्युअर वाढल्याने चाचणी मध्येच थांबवावी लागली. पुढे अॅट्रासेन्टानच्या वेळी संशोधक शहाणे झाले होते. डोस कमी ठेवला, आधी काही आठवडे गोळी देऊन पाहिली, आणि ज्यांची गळती घटली पण पाणी साठलं नाही अशांवरच मुख्य निष्कर्ष काढला. २०१९ च्या निकालात त्यांच्यात किडनी बिघडण्याचा धोका सुमारे ३५ टक्के कमी दिसला.

आयजीए नेफ्रोपथी या किडनीविकारासाठी स्पार्सेन्टानला अमेरिकेत २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. तीन-चार गोळ्या घेऊनही न उतरणाऱ्या बीपीसाठी अॅप्रोसिटेन्टान २०२४ मध्ये आली.

या गटातल्या गोळ्या गर्भाला घातक आहेत. गरोदरपणात त्या चालत नाहीत, मूल होण्याच्या वयातल्या बाईला गर्भनिरोधकाशिवाय देत नाहीत. बोसेन्टानवर लिव्हरची तपासणी दर महिन्याला लागते. हिमोग्लोबिन उतरू शकतं. गोळी सुरू झाल्यावर पाय सुजले, वजन पटकन वाढलं किंवा आडवं झाल्यावर धाप लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना लगेच कळवायला हवं. गोळी आपल्या मनाने बंद करणं मात्र फुप्फुसाच्या रुग्णाला धोक्याचं ठरू शकतं.