टपालाचें तिकीट आणि वांचलेला वेळ

सरकारी खात्याची सुधारणा म्हटली कीं नवी इमारत, नवे अधिकारी आणि वाढलेलें अंदाजपत्रक हींच प्रथम डोळ्यांपुढें येतात. परंतु नोकरवर्गाचा वेळ ज्या सुधारणांनीं खरोखर मोकळा केला, त्यांपैकीं कित्येक दिसावयास अगदींच लहान होत्या. टपालखात्याचा इतिहास या दृष्टीनें मोठा बोधप्रद आहे.

१८४० पूर्वीं इंग्लंडांत पत्राचें हशील ठरविणें हें मोठें किचकट काम होतें. अंतर वाढे तसा दर वाढे. शिवाय पत्राचा कागद एक कीं दोन यावरहि आकार बदले, आणि पाकीट घातल्यास तोहि एक कागद धरला जाई. म्हणून कचेरींतील कारकून संशयित पत्र दिव्यासमोर धरून आंतील कागद मोजी, अंतर पाहून आकार ठरवी, तो पत्रावर लिही आणि वांटणाऱ्याच्या नांवें हिशेबांत मांडी. पुढें हशील बहुधा पत्र घेणाऱ्याकडून वसूल करावयाचें असे. दार ठोठवावें, कोणी येईपर्यंत तिष्ठावें, सुटे पैसे मोजून घ्यावे, आणि घेणाऱ्यानें नकार दिला तर तेंच पत्र परत न्यावें, हा वांटणाऱ्याचा नित्यक्रम. परगांवीं गेलेल्या मुलाचें पत्र आलें म्हणजे गरिबाच्या घरीं आनंदाबरोबर विवंचनाहि येई. कारण दूरच्या पत्रापायीं मजुराची दिवसाची कमाई जाऊं शके.

हा गुंता सोडविणारा रोलंड हिल टपालखात्याचा नोकर नव्हता. त्याचीं तरुणपणचीं वर्षें शाळा चालविण्यांत गेलीं होतीं. १८३७ सालीं त्यानें एक पुस्तिका प्रसिद्ध केली. लंडनहून एडिंबरोपर्यंत एक पत्र वाहून नेण्याचा खर्च एका पेनीच्या छत्तिसाव्या भागाइतकाच येतो, असें त्यानें हिशेबानें दाखविलें. मग खर्च होतो कोठें? तो होतो आकार ठरविण्यांत, हिशेब ठेवण्यांत आणि दारोदार पैसे गोळा करण्यांत. तेव्हां देशांत अंतर कितीहि असो, ठराविक वजनास एकच दर ठेवावा आणि तो पाठविणाऱ्याकडून आगाऊ घ्यावा, असें त्याचें म्हणणें. घरांच्या दारांना पत्रें टाकण्यापुरती फट ठेवावी, हेंहि त्यानें सुचविलें होतें.

१० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसाच्या पत्रास एक पेनी हा दर सुरू झाला, आणि ६ मेपासून राणीचें मुखचित्र असलेलें काळें तिकीट चालू झालें. १८३९ सालीं सुमारें ७ कोटि ६० लक्ष पत्रें गेलीं होतीं. १८४० सालीं तीं जवळजवळ १६ कोटि ९० लक्ष झालीं. तथापि पूर्वीचें उत्पन्न टिकविण्यास पत्रें पांचपटीहून अधिक व्हावयास हवीं होतीं. तीं तितकीं वाढलीं नाहींत, आणि निव्वळ उत्पन्न पूर्वपदावर येण्यास वीस वर्षांहून अधिक काळ लागला. वेळ लगेच वांचला. त्याचें मोल तिजोरींत दिसावयास एक पिढी जावी लागली.

हिंदुस्थानांतहि अंतर आणि वजन पाहूनच हशील घेत असत. कलकत्त्याहून मुंबईस एक तोळ्याच्या पत्राला एक रुपया पडे. १८५२ सालीं सिंधमध्यें बार्टल फ्रियर यांनीं अर्ध्या आण्याचें तिकीट काढलें. हेच फ्रियर पुढें मुंबईचे गव्हर्नर झाले. १ ऑक्टोबर १८५४ पासून सर्व ब्रिटिश हिंदुस्थानांत पाव तोळ्याच्या पत्रास अंतराचा विचार न करितां अर्धा आणा, असा दर झाला. तिकीट न लावलेल्या पत्रास दुप्पट आकार ठेवल्यामुळें आगाऊ पैसे भरण्याची संवय लोकांना आपोआप लागली. १८८० पासून मनीऑर्डरीचें काम टपालखात्याकडे आलें, आणि मुंबईच्या गिरणींत राबणाऱ्याची कमाई पोस्टमन कोंकणांतील घरीं पोंचवूं लागला. निरक्षर आईला मुलाचें पत्र वाचून दाखविणाराहि पुष्कळदां तोच. पत्रागणिक पैशांसाठीं दारांत तिष्ठणाऱ्याच्या हातून हें काम कितीसें झालें असतें?

पुढें वांटणीचें काम सुधारलें, पण निवडीचें अवघडच राहिलें. वडगांव किंवा पिंपळगांव या नांवाचीं गांवें एकट्या महाराष्ट्रांतच कितीतरी. त्यांत पत्ते निरनिराळ्या लिप्यांत. पत्रें निवडणाऱ्यानें ओळखावें तरी काय काय? टपाल-तार खात्यांतील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवि श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सहा आंकड्यांचा पिन क्रमांक सुरू झाला. पहिला आंकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून निवडीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन वांटणी करणारी कचेरी. पत्रें आज कमी झालीं, तरी घरपोंच येणाऱ्या पार्सलावर तोच क्रमांक असतो.

तिकीट आणि पिन क्रमांक, या दोहोंतहि नोकराला अधिक धांवावयास कोणीं सांगितलें नाहीं. त्याच्या मार्गांतील एकेक अडखळ तेवढी काढून टाकली. पाठविणाऱ्यानें घरीं घटकाभर घेतलेली तसदी पुढें दहा हातांचे श्रम वांचविते. मात्र अडखळ नेमकी कोठें आहे हें कळण्यास, हिलनें केलें तसें, एका पत्राबरोबर दारापर्यंत मनानें चालत जावें लागतें.