घटस्फोटातील मालमत्ता-वाटणी आणि मुलांचा खर्च (कर्जत–खालापूर)

घटस्फोट झाला की नवऱ्याच्या इस्टेटीत बायकोचा निम्मा वाटा, असा समज कर्जत-खालापुरातही पक्का आहे. कायद्यात तसे काही नाही. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 27 नुसार न्यायालय वाटणी करते ती लग्नाच्या सुमारास आहेरात आलेल्या, दोघांच्या मालकीच्या वस्तूंची. कपाट, पलंग, फ्रिज, भांडीकुंडी. घर, जमीन, ठेवी ज्याच्या नावावर त्याच्या. निम्म्याचा नियम आहे तो गोव्यात, 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला. तिथे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची सामाईक धरतात. नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत पत्नीला वाटा देऊ पाहणारे केंद्राचे विधेयक राज्यसभेने 2013 मध्ये मंजूर केले, पण ते पुढे बारगळले.

त्यामुळे इथला खरा वाद सातबाऱ्यावर येऊन थांबतो. द्रुतगती मार्ग, फार्महाउस आणि नेरळ-कर्जतच्या गृहप्रकल्पांनी भातखाचरांना भाव आणला. कागद मात्र जुनेच राहिले. “माझ्या नावावर गुंठाही नाही,” असे नवरा सांगतो आणि कागदोपत्री ते अनेकदा खरेही असते, कारण उताऱ्यावर नाव वडिलांचे, कधी आजोबांचे. वारसनोंद झालेलीच नसते. पण जमीन वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असेल तर मुलाचा हिस्सा जन्मापासूनचा. पत्नीला तो हिस्सा मागता येत नाही. पोटगीच्या अर्जात नवऱ्याची ऐपत म्हणून मात्र तो दाखवता येतो. हिंदू विवाह कायद्याच्याच कलम 25 नुसार कायम पोटगीच्या रकमेचा बोजा त्याच्या स्थावर मालमत्तेवर ठेवता येतो. सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात बँकेच्या कर्जाखाली अशा बोजाची नोंद दिसली की जमिनीचा दलाल पुढची बोलणी जपून करतो.

शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेनंतर 1992 मध्ये शासनाने नवऱ्याच्या संमतीने पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची वाट मोकळी केली. संमती मिळते ती संसार सुरळीत असताना. भांडण लागल्यावर ती कोण देणार? समझोत्यात जमीन किंवा घर पत्नीला द्यायचे ठरले तर क्रमालाही महत्त्व आहे. राहते घर वा शेतजमीन पती-पत्नीत बक्षीसपत्राने देताना मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये असते, स्थानिक अधिभार वेगळा. हुकूमनामा झाला की ती ‘पत्नी’ राहत नाही, सवलतही जाते. शिवाय कूळकायद्याच्या कलम 63 मुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजी देता येत नाही. माहेरच्या उताऱ्यावर लागलेले नाव इथे कामी येते.

या दोन तालुक्यांत ठाकूर आणि कातकरी वस्ती मोठी आहे, आणि अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा लागू नाही. त्यांच्यात काडीमोड जमातीच्या रूढीने होतो. इतरांनी पूर्वी शंभराच्या, आता पाचशेच्या मुद्रांकावर लिहिलेली सोडचिठ्ठी मात्र, तशी रूढी सिद्ध झाल्याशिवाय, कायद्यासमोर टिकत नाही. पोटगीचे कलम, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे 125 आणि 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचे 144, जातधर्म पाहत नाही.

दागिने स्त्रीधन, ते सासरच्यांनी कपाटात ठेवले तरी मालकी तिचीच, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले. सोनाराची पावती हरवली तर लग्नाचा अल्बम उपयोगी पडतो. ठुशी कोणाच्या गळ्यात होती, पाटल्या किती होत्या, ते फोटोत मोजता येते.

मुलांच्या खर्चाबाबत कायदा अधिक ठाम आहे. इथला आधार-निवाडा महाराष्ट्रातलाच: नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेला ‘रजनेश विरुद्ध नेहा’. त्यात मुलासाठी आधी दरमहा 5,000 आणि सप्टेंबर 2015 पासून 10,000 रुपये ठरले होते. 4 नोव्हेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांना मिळकत, कर्ज आणि खर्चाचे शपथपत्र सक्तीचे केले. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, मुलांच्या शिक्षणाचा खर्च सर्वसाधारणपणे वडिलांनी करावा, आई पुरेसे कमावत असेल तर तो प्रमाणात वाटावा, असे सांगितले. अविवाहित मुलगी स्वतःचे भागवू शकत नसेल तर हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, 1956 नुसार अठराव्या वर्षानंतरही तिला हक्क राहतो.

पोटगीचा अर्ज कर्जत वा खालापूरच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे करता येतो. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा, असे कायदा म्हणतो. तारखांचा अनुभव वेगळा.

सहमतीच्या अटी लिहिताना जाणता वकील ‘शिक्षणाचा खर्च’ एवढ्यावर थांबत नाही. फी थेट शाळेच्या खात्यात, जूनमध्ये वह्या-पुस्तके आणि रेनकोट, दहावीनंतर क्लास, बदलापूर-कल्याणच्या कॉलेजात गेल्यास लोकलचा पास: सगळे वेगवेगळ्या ओळींत, प्रत्येकापुढे कोण भरणार ते लिहून.