एकोणीस वर्षांचा इंद्रलाल

आमच्या गटातल्या एका ताईंचा मुलगा भरतीसाठी रोज पहाटे धावायला जातो. परवा हप्ता भरायला आल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "डोळ्यांच्या तपासणीत नापास झाला तर बरं, असं कधीकधी मनात येतं बघा. पण बोलून नाही दाखवत." मला इंद्रलाल रॉय आठवला.

त्याचा जन्म २ डिसेंबर १८९८ चा, कलकत्त्याचा. वडील बॅरिस्टर. मुलं लंडनच्या शाळेत शिकत होती. आई ललिताबाई मोठी धीराची. १७ जून १९११ ला बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून लंडनमध्ये हजारो बायकांचा मोर्चा निघाला. त्यात हिंदुस्थानी बायकांची एक तुकडी साड्या नेसून चालली, त्यात ललिताबाई होत्या. इंद्रलाल तेव्हा बारा वर्षांचा.

तीन वर्षांनी पहिलं महायुद्ध पेटलं. पोराला विमान चालवायचं होतं, पण नजर कमी म्हणून नाकारलं. त्यानं काय करावं? आपली मोटारसायकल विकली, त्या पैशांत डोळ्यांच्या नामांकित डॉक्टरकडून पुन्हा तपासणी करून घेतली आणि पास झाला!

१९१७ च्या ऑक्टोबरअखेर तो फ्रान्सच्या आघाडीवर पोचला. तेव्हाचं विमान म्हणजे लाकडाचा सांगाडा, वर कापड. आत एकटा माणूस. इंग्रजांच्या वैमानिकांना पॅराशूटसुद्धा देत नसत. ६ डिसेंबरला त्याचं विमान कोसळलं. बेशुद्ध इंद्रलालला मेला समजून मृतदेहांच्या खोलीत ठेवलं आणि शुद्धीवर आल्यावर त्यानं आतून दार वाजवलं, असं सांगतात.

आता तो उड्डाणाला अपात्र ठरला होता. सुटला होता म्हणा ना! मला याच महिन्यांचा फार विचार येतो. दुखणं काढताना तो विमानांचीच चित्रं काढत होता. त्यातली काही अजून जपून ठेवलेली आहेत. पुन्हा मागे लागून त्यानं परवानगी मिळवली आणि जून १९१८ मध्ये चाळीसाव्या स्क्वाड्रनमध्ये, जॉर्ज मॅकेलरॉय या आयरिश कॅप्टनच्या हाताखाली गेला.

६ ते १९ जुलै. एवढ्या दिवसांत त्याच्या नावावर दहा जर्मन विमानं लागली. ८ तारखेला तर चार तासांत तीन. २२ जुलैला फ्रान्समधल्या कार्व्हाँ गावावर चकमक झाली, त्यात त्याचं विमान पडलं. वीस पूर्ण व्हायला चार महिने बाकी होते. नऊ दिवसांनी मॅकेलरॉयही गेला.

इंग्रजांच्या लढाईत आपल्या पोरानं का मरावं, असं कुणी विचारेल. मलाही वाटतं. पण आपल्या साताऱ्याकडची पोरंही त्याच लढाईत मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेलीच होती, आणि त्यांच्या आयांना कुणी विचारलं नव्हतं.

सप्टेंबरमध्ये इंद्रलालला डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस जाहीर झालं. हे पदक मिळालेला तो पहिला भारतीय. त्याची कबर फ्रान्समध्ये एस्तेव्हेल गावात आहे.

तो गेला तेव्हा त्याच्या नात्यातला, चारुलताबाईंचा सुब्रतो सात वर्षांचा होता. इंद्रलालसारखाच तोही वैमानिक झाला. १९५४ मध्ये भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले ते हेच सुब्रतो मुखर्जी.